तिच्याबद्दल मी जे सांगितलं

मोताळ्याच्या आमच्या दवाखान्यात औषधांच्या स्टोअरला लागून एक अरुंद खोली आहे. तिच्या दारावर ‘मनुष्यबळ विभाग’ अशी पाटी आहे. विभाग म्हणजे मी एकटा. चाकणच्या कारखान्यात असताना माझ्या हाताखाली अकरा माणसं होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून मी बुलढाण्याला परत आलो आणि ट्रस्टच्या या चाळीस खाटांच्या दवाखान्यात रुजू झालो. रोज सकाळी मोटारसायकलनं राजूर घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा. नर्सांच्या पाळ्या, वॉचमनची भांडणं, सरकारी तपासणीची कागदपत्रं, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर न सांगता गैरहजर राहिला तर दुसरा शोधणं, सगळं माझ्याकडे. लोक मला ‘एचार साहेब’ म्हणायचे. काहींना वाटायचं ते माझं आडनावच आहे.

खरं काम एकच होतं आणि ते मला कधी जमलं नाही: माणसं टिकवणं. मुलगी आमच्याकडे यायची, हात बसवायची आणि दोन वर्षांत संभाजीनगरला किंवा पुण्याला निघून जायची. तिला थांबवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. वाढदिवसाला केक कापायचा, माहेरच्या लग्नाला जास्तीची सुट्टी द्यायची, गोड बोलायचं. एवढ्यावर किती दिवस भागणार?

कुणा दानशूर कुटुंबानं दवाखान्याला डायलिसिसची दोन मशीन दिली होती. मशीन द्यायला माणसं पुढे येतात, कारण मशीनवर नाव कोरता येतं. ती चालवणाऱ्या माणसाची सोय कोण करणार? आमच्याकडे टेक्निशियन एकच होती, आणि हे सगळं तिच्याबद्दल आहे.

ती माहेरची धाडची. मोताळ्यापासून पाचेक किलोमीटरवरच्या गावात दिलेली. सासरी थोडी कपाशी, बाकी वांगी-मिरची. नवरा नाशिकला एका कंपनीत. दर दुसऱ्या शनिवारी तो गाडीनं मलकापूरला उतरायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ती सगळी अशीच गेली होती. ती अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. माझ्या पुतणीच्या वयाची, म्हणून मी तिला अगं-तुगं करायचो. आठवड्यातून दोनदा येणारे चौदा पेशंट तिच्या भरवशावर होते. त्यांतले एक निवृत्त गुरुजी. त्यांच्या हाताची शीर इतकी बारीक झाली होती की दुसऱ्या कुणाला सापडायची नाही. ते म्हणायचे, “पोरीनं सुई टोचली का मले कळतच नाई.”

एका वर्षी ती रजेचा अर्ज घेऊन माझ्या खोलीत आली आणि बसली. अर्जावर कारणाची ओळ कोरी होती. मग सांगितलं, की चौथ्या महिन्यात गर्भ गेला. नवऱ्याला आणि सासूला सोडून कुणाला माहीत नव्हतं. अर्ज क्लार्कच्या हाताखालून जातो, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या दवाखान्याला कळतं. मी म्हणालो, ‘घरगुती कारण’ असं लिही, पुढचं मी पाहतो. तिनं तसं लिहिलं. त्या वेळी मला स्वतःचं बरं वाटलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं.

रजा लांबत गेली. अडतीस दिवस. त्या दिवसांत मलकापूरहून एक टेक्निशियन दिवसाआड यायचा, कधी यायचाच नाही. अंगावर सूज आलेल्या एका म्हातारीला आम्हाला धावतपळत अकोल्याला न्यावं लागलं. ती वाचली. पण रुग्णवाहिकेच्या मागच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या मुलानं माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरलो नाही. त्यानंतर ट्रस्टच्या सचिवांना मी दुसऱ्या टेक्निशियनची जागा मागितली. ते स्वतः डॉक्टर, मनानं वाईट नाहीत. म्हणाले, पाहू. पुढच्या वर्षी परत मागितली. परत पाहू. तिसऱ्या वर्षी मी कागद ठेवला आणि त्यांनी तो न वाचताच पेपरवेटखाली सरकवला.

त्याच वर्षी ती एका दुपारी दारात येऊन उभी राहिली. नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात जागा निघाली होती, मुलाखत झाली होती, चांगली झाली होती. फॉर्मवर आधीच्या नोकरीतल्या जबाबदार माणसाचं नाव आणि फोन लिहायचा होता.

“सर, तुमचं नाव देऊ का?”

“दे की,” मी म्हणालो. “त्यात विचारायचं काय?”

ती हसली. म्हणाली, तिकडं दोघं मिळून एका घरात राहू. जाताना तिनं माझ्या टेबलावर वांग्यांची पिशवी ठेवली.

फोन चौथ्या दिवशी आला. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. समोरची बाई माझ्याच धंद्यातली, बोलायला नम्र. तिचे प्रश्न मला पाठ होते, मीच आयुष्यभर विचारत आलो होतो. काम कसं आहे? मी म्हणालो, चांगलं आहे. पेशंटशी वागणं? उत्तम. मग तिनं हजेरीबद्दल विचारलं.

माझ्या खिडकीतून डायलिसिसच्या खोलीबाहेरचा बाक दिसतो. बाकावर गुरुजी बसले होते, चपला काढून, पाय वर घेऊन. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “हजेरीचं म्हणाल तर रजा जरा जास्त होतात. मध्ये एकदा सलग अडतीस दिवस.”

“कारण?”

“घरगुती.”

ती थांबली. मी काहीतरी पुढे बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला कळत होतं, कारण मीही असाच थांबत असे. मी पुढे बोललो नाही. तिनं शेवटचा प्रश्न विचारला: संधी मिळाली तर तुम्ही यांना पुन्हा नोकरीवर घ्याल का? आणि मी म्हणालो, “विचार करावा लागेल.”

फोन ठेवल्यावर मी रजेचं रजिस्टर काढून पाहिलं. कशासाठी ते सांगता येत नाही. आकडा बरोबर होता. मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो.

संध्याकाळी मी सचिवांना सांगितलं. ते चिडतील, निदान गप्प होतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बरं केलं, मशीन बंद पडली असती. मग त्यांनी चहा मागवला. तो चहा मी प्यालो.

तिला नाशिकहून नकार आला तेव्हा ती पुन्हा माझ्याच खोलीत आली. आणखी कुणाकडे जाणार होती? म्हणाली, मुलाखत घेणाऱ्यांनी तर हसतखेळत बोलणं केलं होतं, खोली पाहून ठेवा असंही कुणी म्हणालं होतं. मग काय झालं?

“सर, तुमी तर याच्यातले. तुमीच सांगा, काय चुकलं असन माहं?”

यानंतर मी जे केलं ते त्या फोनपेक्षा वाईट होतं. फोनवर मी घाबरलो होतो, असं तरी म्हणता येईल. इथे माझ्याकडे विचार करायला वेळ होता. मी तिला समोर बसवलं आणि मुलाखतीचा सराव घेतला. स्वतःबद्दल सांग. आधीची नोकरी का सोडतेस? ती मन लावून उत्तरं देत होती. मला कुठेतरी चूक दाखवायची होती आणि चूक सापडत नव्हती. शेवटी मी म्हणालो, “बाकी ठीक आहे, पण तुझं बोलणं. ‘मले’, ‘तुमाले’, ‘करून राह्यली’. मोठ्या शहरात हे खटकतं. गावंढळ वाटतं.”

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं मान हलवली आणि म्हणाली, हो, तिथं एक मॅडम मध्येच हसल्या होत्या खऱ्या.

मी स्वतः असाच बोलत वाढलो. चाकणला पहिल्या वर्षी कॅन्टीनमध्ये मी ‘मले भात पायजे’ म्हणालो तेव्हा शेजारच्या टेबलावरची माणसं कशी वळली होती, ते मला पंचवीस वर्षांनीही आठवतं. कुठे लागतं ते मला नेमकं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून ती बदलून बोलू लागली. आधी माझ्याशी, मग डॉक्टरांशी, मग पेशंटशी. “काका, मला हात द्या. तुम्हाला त्रास होतोय का?” पेशंट आपसांत हसायचे. गुरुजींनी एकदा मला विचारलं, “पोरीले काय झालं हो? टीव्हीवरच्या बातम्यावानी बोलून राह्यली.” मी म्हणालो, शिकतेय. ती मध्येच अडखळायची, ‘मले’ म्हणून जीभ चावायची आणि ‘मला’ म्हणायची. माझ्या खोलीची भिंत पातळ आहे. मला ते दिवसभर ऐकू यायचं. तिनं पुढे कुठे अर्ज केला नाही. बोलणं सुधारलं की करीन म्हणाली.

असं दीड वर्ष गेलं. मी तिच्याशी जास्तच चांगला वागू लागलो होतो. तिच्या पाळ्या नवऱ्याच्या शनिवारांप्रमाणे लावायचो. ती इतरांना सांगायची की सरांसारखा माणूस नाही. मी ते ऐकून घ्यायचो.

मग बुलढाण्याला जिल्ह्यातल्या छोट्या दवाखान्यांची एक बैठक ठरली. विषय होता, कर्मचारी टिकत का नाहीत. सचिवांनी परस्पर माझं नाव भाषणाला देऊन टाकलं. आमची टेक्निशियन इतकी वर्षं टिकली आहे, ते कसं जमलं ते सांगा म्हणाले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. तिलाही सोबत न्यायला लावलं. ती हिरवी साडी नेसून आली होती, पहिल्या रांगेत बसली होती.

मी उभा राहिलो आणि वाढदिवसाच्या केकबद्दल बोललो. माणसाला माणूस म्हणून वागवावं लागतं, असं म्हणालो. समोरच्या लोकांनी ते वहीत लिहून घेतलं. धाडकडच्या एका दवाखान्याचे डॉक्टर मान डोलावत होते. मग सूत्रसंचालकानं तिला दोन शब्द बोलायला बोलावलं. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. एकेक शब्द जपून उच्चारत ती म्हणाली, “मला इथे घरच्यासारखं वाटतं. सरांनी मला खूप शिकवलं. मला नीट बोलतासुद्धा येत नव्हतं, ते सरांनी शिकवलं.”

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी संपली, पेशंट गेले, तेव्हा मी डायलिसिसच्या खोलीत गेलो. ती मशीन धुवायला लावून नळ्या आवरत होती. मी उभ्यानंच सांगितलं. नाशिकहून फोन आला होता. त्यांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, काय सांगितलं नाही. सांगताना मी मध्येच पेशंटचं कारण पुढे केलं, म्हातारीचं, अकोल्याचं. मग माझं मलाच ऐकवेना.

तिनं हातातली नळी खोक्यात टाकली. हातमोजे काढले. मशीनचा पंप चालू होता, तो बंद होईपर्यंत ती त्याच्याकडेच पाहत होती.

“मंग माह्या बोलण्यात काई नोतं?”

“नाही.”

“काईच नोतं?”

“काहीच नव्हतं.”

ती स्टुलावर बसली. मला वाटत होतं ती रडेल, ओरडेल, सचिवांकडे जाईल. यांपैकी काहीही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “लिहून द्या.”

“काय?”

“आत्ता जे सांगतलं ते. मले कागदावर पायजे. सही करून.”

मी खोलीत जाऊन लिहायला बसलो. नेमणुकीची, ताकिदीची, बडतर्फीची, अशी शेकडो पत्रं मी लिहिली आहेत. अर्ध्या तासात कागद तयार झाला. ‘सदर कर्मचाऱ्याविषयी दूरध्वनीवरून विचारणा झाली असता अनवधानाने अपुरी माहिती दिली गेली.’ खाली सही, शिक्का. मी तो तिला नेऊन दिला. तिनं उभ्या उभ्या वाचला आणि परत केला.

“हे तुमी मले सांगतलं तसं नाई,” ती म्हणाली. “अनवधान काऊन? तुमाले तर ठाऊक होतं.”

कागदावरही मी पळवाट ठेवली होती, आणि ठेवताना ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. सवयीनं हात तसाच चालला होता. मी परत बसलो. या वेळी हातानं लिहिलं, लेटरहेड घेतलं नाही. ‘तिनं नोकरी सोडू नये म्हणून मी जाणूनबुजून असं सांगितलं, की ज्यामुळे तिला तिकडे घेतलं जाणार नाही. तिच्या रजेचं खरं कारण मला माहीत होतं. नंतर तिनं विचारलं तेव्हा तिच्या बोलण्यात दोष आहे असं मी सांगितलं, तेही खोटं होतं.’ तीन वाक्यांना मला दुपार लागली. तिनं वाचलं, चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवलं आणि गावची गाडी धरायला निघून गेली.

पुढच्या शनिवारी तिचा नवरा दवाखान्यात आला. मी त्याला याआधी दोनदाच पाहिलं होतं, सडपातळ, बोलायला कमी. मी बसा म्हणालो. तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “साहेब, मी तवा तिकडं दोन खोल्या पाह्यल्या होत्या. एकीचा विसारही दिला होता.” मी म्हणालो, माझी चूक झाली. तो म्हणाला, “हाव.” आणखी काही बोलायचं ठरवून तो आला असावा. ते त्याला आठवलं नाही, किंवा नको वाटलं. तो गेला.

तिनं चार महिन्यांत नाशिकला दुसरीकडे नोकरी मिळवली. फॉर्मवर तिनं आमच्या किडनीच्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं, मला विचारलं नाही. माझा कागद तिनं कुठे दाखवला की नाही, मला माहीत नाही. राजीनामा तिनं नियमाप्रमाणे महिनाभर आधी दिला. तो घेऊन मी सचिवांकडे गेलो. त्यांनी पेपरवेटखालचा कागद काढायला लावला, आणि चार वर्षं अडलेल्या जागेवर एका बैठकीत सही केली. एक नव्हे, दोन टेक्निशियनच्या. हे इतकं सोपं होतं. ती खरंच जाणार अशी वेळ आली असती तर ते आधीही झालं असतं. आणि ती वेळ येऊ नये याची व्यवस्था मीच केली होती.

शेवटच्या दिवशी पेशंटांनी तिला साडी दिली. मी मागे उभा होतो. ती निघताना सगळ्यांना भेटली, स्टोअरच्या क्लार्कलासुद्धा. माझ्यासमोर आल्यावर “येते सर” म्हणाली, आणि मी “ये” म्हणालो.

नवे दोघे रुजू होईपर्यंत अकरा दिवस मशीन बंद राहिली. रोज सकाळी आमच्या रुग्णवाहिकेतून पाच-सहा पेशंट बुलढाण्याला न्यायचे आणि संध्याकाळी आणायचे, असं मी ठरवलं, आणि रोज स्वतः सोबत गेलो. कुणाची प्रकृती बिघडली नाही. दगदग झाली, कुणी चिडलं, एकदा घाटात टायर पंक्चर झालं, तेवढंच. मी ज्याला घाबरून ते सगळं केलं, ते एवढंच होतं.

त्यातल्याच एका दिवशी परत येताना गुरुजी माझ्या शेजारी बसले होते. सुईची पट्टी लावलेला हात त्यांनी मांडीवर जपून धरला होता. बुलढाण्याच्या टेक्निशियननं तीनदा टोचलं होतं. ते म्हणाले, काल पोरीचा फोन आला होता. एकेकाला फोन करून विचारत होती, नीट चाललंय ना, पाणी कमी पिता ना. पहिल्यासारखी बोलत होती, आपल्यासारखी. घर चांगलं मिळालंय म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. “तुमाले तर पयलेच केला असन फोन.”

गाडीत बाकीचे पेशंट ऐकत होते. मी “हो” म्हणालो.